गाडी हळू चालवायला शिकताना

(अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादन करून.)



कार्यक्रमपत्रिकेत या सत्राचं नाव 'स्त्रिया आणि वाहन' असं आहे. नाव फार मोठं झालं. मी त्यातल्या एका लहानशा गोष्टीवर बोलणार आहे. गिअरची मोटारसायकल चालत्या माणसाच्या वेगानं, पाय न टेकता, न पडता कशी चालवायची, एवढंच. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी शिबिरातला दीड तास? तर हो, एवढ्यासाठीच.

आपल्या भागात मूर्तिजापूरजवळच्या माना गावापासून अमरावतीकडच्या लोणीपर्यंतचा रस्ता तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. जून २०२२ मध्ये तिथे १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता छान आहे. पण त्या रस्त्यावर ताशी पन्नासनं सरळ जाणं हे गाडी चालवण्यातलं सगळ्यात सोपं काम आहे, हे कुणी बाईला सांगत नाही. साधारण पंधरा-वीसच्या वर वेग गेला की दुचाकी स्वतःला बरीचशी सावरून घेते. पुढच्या चाकाची रचनाच तशी असते, गाडी कलली की चाक त्या बाजूला थोडं वळतं आणि गाडी पुन्हा उभी राहते. वेग पाचवर आला की हे सावरणं संपतं. मग सगळा तोल चालवणारीच्या हातात, पायात आणि नजरेत येतो.

आणि बाईचं गाडी चालवणं सुरू कुठे होतं? हायवेवर नाही. ते अंगणातून सुरू होतं. फाटकातून बाहेर काढणं, बोळातून वळवणं, नालीवरच्या फरशीवरून नेणं, इतवाऱ्यात भाजीच्या गाड्यांमधून काढणं, जवाहर गेटखालून रिक्षाच्या मागे मागे सरकणं. अकोल्यात जनता भाजी बाजारात एकदा सकाळी गाडी घालून बघा. म्हणजे नवशिकी बाई पडते ती साठच्या वेगात नाही, पाचच्या वेगात पडते. आणि पडते ती नेमकी घरासमोर, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर गाडीची किल्ली पुन्हा खुंटीला लागते. कितीतरी बायकांचं गाडी शिकणं अशा एका पडण्यावर थांबलेलं मी पाहिलंय. त्या बायका पुढे आयुष्यभर सांगतात, "मले नाही जमत बाई."

त्यांना जमत नाही असं नाही. त्यांना जे अवघड आहे ते आधी करायला लावलं आणि कसं करायचं ते सांगितलंच नाही.

आता मुलाचं बघा. तो दोन वर्षांचा असतो तेव्हापासून बापाच्या पुढ्यात टाकीवर बसतो. मूठ पिळली की गाडी कशी ओरडते हे त्याच्या हाताला कळतं. दहा-बाराव्या वर्षी शेतातल्या वाटेवर, कायद्यात बसत नसलं तरी, तो गाडी हाकून बघतो. पडतो, ढोपर फोडतो, कुणी मनावर घेत नाही. परवान्याच्या वयात, म्हणजे अठराव्या वर्षी, तो शंभर वेळा पडून झालेला असतो. मुलगी त्याच गाडीवर मागे बसलेली असते, दोन्ही पाय एका बाजूला. ती गाडीला पहिल्यांदा हात लावते तिशीत. आणि मग दोघांची तुलना करून म्हणायचं, बायकांना गाडीतलं कळत नाही.

मागे बसण्याबद्दल एक मजेची गोष्ट सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यातला १२३ वा नियम सांगतो की मोटारसायकलला मागच्या माणसाला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण हवं. कशासाठी? तर मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. नियम चांगला आहे, त्यानं कितीतरी जीव वाचलेत. पण बघा, कायद्याला आपली साडी दिसली ती मागच्या सीटवर. पुढे बसून गाडी चालवणाऱ्या बाईची साडी, तिचा पदर गिअरच्या दांडीत अडकतो का, हे लिहिताना कुणाच्या डोळ्यांपुढे ती नव्हती.

गाड्या बनवणाऱ्यांना बाई दिसली, पण तीही ठरावीक जागी. किनेटिकची लूना १९७२ मध्ये आली. पायडलची, हलकी, पडली तरी एका हातानं उचलता येणारी. आपल्याकडच्या कितीतरी शिक्षिका, नर्सबाई त्या लूनावर नोकरीला गेल्या. १९८४ मध्ये किनेटिक होंडा आली, गिअर नाही, किक मारायची नाही, बटण दाबलं की सुरू. मग नव्वदच्या दशकात स्कूटी. या गाड्यांनी शहरातल्या मुलींना बाहेर काढलं, हे उपकार मी विसरत नाही. पण त्याबरोबर एक समजही पक्का झाला. बिनगिअरची ती बाईची, गिअरची ती पुरुषाची. परवानाही तसाच निघू लागला. परवान्यात विनागिअर आणि गिअरसह असे दोन वेगळे वर्ग असतात, आणि आपल्या बहुतेक जणींचा परवाना पहिल्या वर्गाचा असतो.

आता दर्यापूरच्या किंवा अंजनगावच्या खेड्यात या. घरात गाडी एकच असते आणि ती गिअरची असते, कारण ती शेतात जाते, खताची गोणी आणते, कमी पेट्रोल पिते. रात्री सासऱ्याच्या छातीत दुखतं, सून बाळंतपणाला आलेली असते, शेतात कुणाला पान लागतं. नवरा घरी नसतो. गाडी अंगणात उभी असते, टाकीत पेट्रोल असतं, आणि घरातल्या तिन्ही बायका शेजारच्या पोट्ट्याला उठवायला धावतात. नोव्हेंबर २०२१ पासून एसटीचा संप पाच महिने चालला, तेव्हा हे रात्रीचं संकट दिवसाचंही झालं. एसटी परत सुरू झाली. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला, हे फार चांगलं झालं. पण जिथे दिवसातून दोनच फेऱ्या येतात तिथे अर्धं तिकीट घेऊन बाई फाट्यावर बसूनच राहते. म्हणून मी गिअरच्या गाडीचा आग्रह धरते. अंगणात जी गाडी उभी आहे ती बाईला चालवता आली पाहिजे.

याचं एक जुनं उदाहरण आहे, ते आपल्या चळवळीनं विसरू नये. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेत, अरिवोली इयक्कममध्ये, बायकांना सायकल शिकवायला सुरुवात झाली. त्या वेळच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ते उचलून धरलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलंय. १९९२ च्या महिला दिनानंतर झालेल्या प्रदर्शनात सत्तर हजारांवर बायकांनी सायकल चालवून दाखवली, असा त्यांचा आकडा आहे. खेतमजूर, खाणीतल्या बायका, नर्सा, शिक्षिका. रस्त्यावरून घाणेरडे शेरे आले, ते ऐकत त्या चालवत राहिल्या. मला त्यातली एक बारीक गोष्ट फार आवडते. लेडीज सायकली पुरेशा मिळेनात, तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. पुढे काहींना तीच बरी वाटू लागली, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. कोणतं वाहन बाईचं हे कारखान्यानं ठरवायचं नसतं, हे त्यांनी तीस वर्षांपूर्वी करून दाखवलं.

आता शिकण्याकडे वळू.

पहिले दोन दिवस इंजिन सुरूच करायचं नाही. गाडी ढकलायची. स्प्लेंडरसारख्या गाडीचं वजन साधारण ११० किलोच्या वर असतं, बुलेटचं दोनशेच्या जवळ. हे वजन हाताच्या बळानं पेलायचं नसतं, हे ढकलताना कळतं. गाडी सरळ उभी असेल तर एक बोटही तिला धरू शकतं. ती कलली की मात्र वजन येतं, आणि एका मर्यादेपलीकडे कलली की कुणाच्या बापालाही ती धरता येत नाही. ती मर्यादा कुठे आहे, हे प्रत्येकीनं आपल्या अंगानं शोधायचं. साईड स्टँडवरून उचलायची, पुन्हा लावायची. डबल स्टँडवर लावताना ओढायची नाही, स्टँडच्या पायावर आपलं वजन टाकायचं. बारीक चणीच्या बाईलाही जमतं.

त्यानंतर पडलेली गाडी उचलणं. हे मी मुद्दाम चालवण्याच्या आधी शिकवते. गाडी स्वतः आडवी पाडायची, हळूच. किल्ली बंद. उजव्या बाजूला पडली असेल तर डावीकडचं साईड स्टँड आधीच उघडून ठेवायचं, म्हणजे उभी झाल्यावर ती पलीकडे पडणार नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून बसल्यासारखं वाकायचं, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या दांडीला. कमरेची हाडं सीटच्या कडेला टेकवायची आणि छोटी छोटी पावलं टाकत मागे सरकायचं. सगळं काम मांड्या करतात. रोज भारा डोक्यावर घेणाऱ्या बायकांना हे एका दिवसात येतं. आणि ज्या बाईनं स्वतःच्या हातानं गाडी पाडून स्वतःच उभी केली, तिची पडण्याची निम्मी भीती तिथेच जाते.

मग हाफ क्लच. सगळी हळू चालवण्याची विद्या या दोन शब्दांत आहे. डाव्या हातातला क्लच पूर्ण दाबला की इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो. पूर्ण सोडला की जुळतो. या दोहोंच्या मध्ये एक बोटभर जागा असते, तिथे क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घासत अर्धीच ताकद चाकाला देतात. क्लच हळूहळू सोडत गेलं की एका ठिकाणी इंजिनचा आवाज थोडा बसतो आणि गाडी पुढे जायला बघते. तीच ती जागा. तिथे हात थांबवायचा. झटक्यात सोडला तर गाडी उसळून बंद पडते. बायका बहुतेक तिथेच घाबरतात आणि शिकवणारा नवरा बहुतेक तिथेच ओरडतो.

पहिली तालीम अशी. गाडीवर बसायचं, पहिला गिअर, दोन्ही पाय जमिनीवर. क्लच त्या जागेपर्यंत सोडायचा, गाडी एक वीत पुढे गेली की पुन्हा दाबायचा. पाय जमिनीवरच. असं पन्नास वेळा. डाव्या हाताला ती जागा पाठ झाली पाहिजे, पोळीची कणीक भिजली हे जसं बोटांना कळतं तसं. कुणी म्हणेल क्लच जळेल. बहुतेक मोटारसायकलींचे क्लच तेलात बुडालेले असतात, थोडा वेळ घासणं ते सहन करतात. तासभर एकसारखं मात्र नको, मधे गाडी थंड होऊ द्यायची. हात लहान असेल आणि दांडी लांब वाटत असेल तर मेकॅनिककडून क्लचची तार नीट करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते करून मागायचं असतं हेच आपल्याला माहीत नसतं.

दुसरी गोष्ट, मागचा ब्रेक. उजव्या पायाखालचा. हळू जाताना वेग मुठीनं कमी-जास्त करायचा नाही. मूठ किंचित पिळून तशीच ठेवायची, हाफ क्लच धरायचा आणि मागच्या ब्रेकनं गाडीला हलकंसं मागे ओढून धरायचं. इंजिन पुढे खेचतंय, ब्रेक मागे धरतोय, त्या ताणावर गाडी तोल धरते. पुढचा ब्रेक मात्र हळू वेगात, त्यातही हँडल वळलेलं असताना, अजिबात दाबायचा नाही. दाबला की गाडी तिथल्या तिथे आडवी. फाटकात, वळणावर पडतात त्यातल्या पुष्कळ जणी या एका कारणानं पडतात. घाबरलं की मूठ आवळली जाते आणि उजव्या हाताखाली पुढचा ब्रेक असतो. म्हणून शिकताना पहिले काही दिवस उजव्या हाताची बोटं ब्रेकवर ठेवू नका, मुठीभोवती ठेवा.

स्कूटरवाल्यांसाठी इथे दोन वाक्यं. तुमच्या गाडीला क्लच असतो, पण तो इंजिनच्या वेगावर आपोआप लागतो-सुटतो. मूठ पूर्ण सोडली की सुटतो, पुन्हा पिळली की धक्का देऊन लागतो. म्हणून गर्दीत मूठ बारीक धरून ठेवायची आणि डाव्या हाताच्या ब्रेकनं वेग आवरायचा. विजेच्या स्कूटरला तर आवाजही नसतो, किती ताकद येतेय ते कानाला कळत नाही. तिथे मूठ आणखी हलकी.

आता नजर. हे सांगताना मला नेहमी थोडं थांबावंसं वाटतं. दुचाकी जिथे बघाल तिथे जाते. पुढच्या चाकाकडे बघितलं की गाडी झोकांड्या खाते, खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यात जाते. वळायचं असेल तर मान वळवून जिथे पोचायचं तिकडे बघावं लागतं, खांदे आणि हात आपोआप मागोमाग येतात. यात गूढ काही नाही. पण मैदानावर बघा, पन्नास बायकांमध्ये चाळीस जणी मान खाली घालून पुढच्या चाकाकडे बघत असतात. आठव्या-नवव्या वर्षापासून आपल्याला हेच शिकवलंय. खाली बघून चाल, कुणाच्या नजरेला नजर देऊ नको. घरच्यांनी ज्याला वळण म्हटलं, ते दुचाकीवर बाईला पाडतं. मी वळणाच्या पलीकडे एका मैत्रिणीला उभी करते आणि चालवणारीला सांगते, तिच्या कपाळावरच्या टिकलीकडे बघत ये. चाक विसरतात आणि गाडी बरोबर वळते.

तोंडावर स्कार्फ बांधायची आपल्याकडे पद्धत आहे. एप्रिल-मेच्या उन्हात त्याला इलाज नाही, हे मलाही कळतं. पण डोळ्यांच्या कडा झाकल्या जातील इतका पुढे ओढू नका, आणि कानांवरून घट्ट नको. इंजिनचा आवाज ऐकू आला नाही तर क्लचची जागा कळत नाही. स्कार्फवर हेल्मेट बसलंच पाहिजे. अंबाडा घातला की हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून खाली वेणी. साडी नेसून चालवता येते, नऊवारीत तर उत्तमच. पाचवारीत पदर खोचून, निऱ्या थोड्या वर. ओढणी छातीवर आडवी घेऊन मागे गाठ. पायात स्लिपर नको, निसटते.

पाय दोन्ही फूटरेस्टवर. नवशिकी बाई दोन्ही पाय लोंबकळत ठेवते, जमिनीला घासत, आधाराला म्हणून. त्यानं आधार मिळत नाही. पाय हवेत हलले की तोल आणखी जातो, आणि मागचा ब्रेकही सुटतो. गुडघे टाकीला टेकवा, गाडी एकदम जड वाटेनाशी होते. थांबताना डावा पाय टेकायचा, उजवा ब्रेकवरच.

मग स्लो सायकल. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या क्रीडादिनात असायची, शेवटी पोचेल तो पहिला. आपण तीच मोटारसायकलवर खेळतो. दहा मीटर लांब, एक मीटर रुंद पट्टा चुन्यानं आखायचा. पाय टेकला की बाद, रेघ ओलांडली की बाद. पहिल्या दिवशी चार-पाच सेकंदांत सगळ्या पार होतात. दोन आठवड्यांनी दहा-बारा सेकंद लागायला लागतात, म्हणजे गाडी माणूस रमतगमत चालतो त्या वेगानं जातेय. ज्या बाईला दहा सेकंद जमले तिला कोणताही बाजार अवघड नाही. आणि स्पर्धेत बायका हसतात, एकमेकींना चिडवतात. मला वाटतं शिकण्यात या हसण्याचा वाटा मोठा असतो.

पूर्ण वळण शेवटी. गाडी वळणाच्या बाजूला कलू द्यायची, आपलं अंग मात्र सरळ किंवा थोडं बाहेरच्या बाजूला. हाफ क्लच, मागचा ब्रेक, मान पूर्ण वळलेली. हेच पुढे परवान्याच्या परीक्षेत आठच्या आकड्यात लागतं. खेड्यातला रस्ता तीन-पावणेचार मीटरचा असतो, तिथे एका दमात वळेलच असं नाही. नाही वळली तर उतरून ढकलून वळवा. अनुभवी लोकही तेच करतात.

पावसाळ्याबद्दल वेगळं बोलावं लागेल, कारण आपली जमीन काळी आहे. पांदण रस्त्यावर ही माती ओली झाली की चिकटते, चाक आणि मडगार्ड यांच्यात भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. खारपाण पट्ट्यातल्या मैत्रिणींना हे मी काय सांगणार. तिथे एकच नियम, पहिला किंवा दुसरा गिअर, मूठ एकसारखी, पुढच्या ब्रेकला हात नाही, हँडलला झटका नाही. गाडी थोडी घसरेल, घसरू द्यायची, पाय पसरून तिच्याशी भांडायचं नाही. चाक जाम वाटलं की थांबून काडीनं माती काढायची. मेळघाटात फिरणाऱ्या परिचारिकांना, आशाताईंना चढावर थांबून पुन्हा निघणं लागतं. मागचा ब्रेक दाबून ठेवायचा, क्लच त्या जागेवर आणायचा, इंजिनचा आवाज बसला की ब्रेक सोडायचा. गाडी मागे येत नाही.

शिकवणार कोण, हा प्रश्न नेहमी येतो. नवऱ्याकडून शिकू नका असं मी म्हणत नाही, काही नवरे फार छान शिकवतात. पण ज्याच्याकडून शिकायचं त्याच्याच ताब्यात किल्ली, गाडी आणि घर असेल तर बाईला चुकायची मोकळीक राहत नाही. आम्ही तिघींचा गट करतो. एक चालवते, एक बाजूनं चालते, एक लांबून बघते. बाजूच्या बाईनं गाडी धरायची नाही, फक्त सोबत चालायचं. दहा-पंधरा मिनिटांनी बदल. यापेक्षा जास्त वेळ एका वेळी नको, डावा हात थकतो आणि थकलेला हात क्लच सोडून देतो.

या पद्धतीला मोठी परंपरा आहे म्हणा ना. फ्रान्सिस विलार्ड या अमेरिकेतल्या स्त्री-पुढारी. पंडिता रमाबाईंच्या कामाला मदत करण्यासाठी १८८७ मध्ये अमेरिकेत जी रमाबाई असोसिएशन निघाली तिच्या उपाध्यक्षांपैकी एक. त्या वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. रोज दहा-पंधरा मिनिटं, साधारण तीन महिने, मैत्रिणींच्या मदतीनं. आपल्यातल्या पन्नाशीच्या ताई "आता काय शिकायचं" म्हणतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

आता एक कडू गोष्ट. गाडी आली की मोकळीक येते असं आपण पोस्टरवर लिहितो. कामंही येतात, ते लिहीत नाही. बाईला गाडी येते म्हटल्यावर मुलांना शिकवणीला सोडणं, सासूला दवाखान्यात नेणं, गिरणीवरून दळण, सिलिंडर, सगळं तिच्याकडे सरकतं. नवरा म्हणतो, आता तुला येतंच ना. आधी जी कामं त्याच्या वाट्याला होती तीही तिची होतात, आणि ती बैठकीला येते म्हटली की गाडी त्याला पाहिजे असते. पेट्रोल शंभराच्या वर आहे, त्याचे पैसे ती मागणार कुणाकडे? गाडी बचतगटाच्या कर्जातून घेतली, हप्ते तिनं फेडले आणि आरसी बुकावर नाव त्याचं, हे तर आपण किती घरांत पाहतो. तेव्हा हाफ क्लच शिकवताना आरसी बुक कुणाच्या नावावर ते विचारायचं. हे दोन वेगळे विषय नाहीत.

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं होतं, ज्या मजूर बायकांच्या घरी सायकलही नाही त्यांना याचं काय? प्रश्न रास्त आहे. मोटारसायकल हे सगळ्यांचं उत्तर नाही. फेऱ्या वाढवा म्हणून एसटी डेपोवर जावंच लागेल, आणि ते आपण सोडणार नाही. पण त्या मजूर बाईवर अन्याय झाला तर तिला ठाण्यात घेऊन जायला रात्री कार्यकर्ती लागते, आणि तिला "कोणी सोडून देईल का" असं विचारत बसावं लागू नये. निदान प्रत्येक गावगटात दोघी तरी गिअरची गाडी चालवणाऱ्या हव्यात, असं मला वाटतं. यावर तुमचं मत वेगळं असेल तर चर्चेत मांडा.

तर उद्याचं. सकाळी सहाला मैदानावर यायचं, आठच्या आत संपवू, नंतर ऊन चढतं. मैदानावर परवानगी घेतली आहे, पण रस्त्यावर शिकाऊ परवान्याशिवाय कुणीही गाडी काढणार नाही. ज्यांनी परवाना काढला नाही त्यांनी आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल आणा. शिकाऊ परवान्याची परीक्षा २०२१ पासून घरबसल्याही देता येते, इथे संध्याकाळी बसून भरून घेऊ. अर्ज भरताना वर्ग विचारतील तेव्हा गिअरसह लिहा. तो परवाना सहा महिने चालतो, तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. गाड्या चार आहेत, तीन गिअरच्या, एक स्कूटर. चुन्याची पिशवी अकोल्याच्या गटानं आणायची ठरली आहे. बूट नसतील त्यांनी पट्ट्याची चप्पल घाला. आणि पहिला तास गाड्या सुरू करायच्या नाहीत, पाडून उचलायच्या आहेत, तेव्हा जुने कपडे घालून या.